मगरीचं टोकन

आता हे कुणाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सर्जेराव डुबल या माणसानं सलग सदतीस दिवस एकही थाप मारली नाही. मगर टोकन घेऊन उसाच्या गाड्यांच्या रांगेत उभी राहिली, इथपर्यंत तुपेवाडीतली माणसं चालवून घेतात. पण सर्जेतात्या सदतीस दिवस खरं बोलले म्हटलं, की चहाचा कप खाली ठेवून ती म्हणतात, “काही तरी बेतानं सांगा की राव!”

तात्यांना पंचक्रोशी दोन गोष्टींसाठी ओळखायची. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि काट्यात कणभर खोट येऊ दिली नाही. आधी भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग गव्हाणीत ऊस ओतून आलेली रिकामी गाडी घ्यायची. मधला फरक तेवढा ऊस. गाडी चेअरमनच्या मेहुण्याची असो नाहीतर रानातल्या म्हातारीची, तात्यांचा आकडा तोच. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी, की काट्यावरून उतरून सायकलला टांग मारली, की घर येईपर्यंत आणि आल्यावरही या माणसाच्या तोंडातून एक वाक्य सरळ निघायचं नाही. एका हंगामात बैलांनी काट्यावर श्वास रोखून धरला म्हणून गाडीच हलकी भरली. एका साली काटा इतका तरतरीत झाला होता, की गाडीवान बायकोशी भांडून आलाय का नाही ते आकड्यावरून कळायचं. दिवसभर तोलून-मापून बोलल्याची भरपाई माणूस कुठंतरी करणारच.

तर अशा माणसाच्या घरात ते यंत्र आलं.

त्याचं कारण नोरो. तात्यांचा मुलगा धैर्यशील शेतफवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचा, सून प्रणोती माती परीक्षण केंद्रात होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात लेकरू हवं, ते दत्तक घ्यायचं, हे दोघांचं ठरलं होतं. मादागास्कर बेटाला त्याआधी पाठोपाठ दोन मोठ्या वादळांनी झोडपलं होतं आणि तिथली काही पोरकी मुलं दुसऱ्या देशांतल्या घरांना द्यायचं ठरलं होतं. त्यातली ही नोरो, वय वर्षं सहा. भिंतीवरच्या पडद्यावर तिची पहिली भेट झाली तेव्हा ती कुणाकडंच बघेना. तिला सांभाळणाऱ्या वोआहांगीबाई म्हणाल्या, “ही पाहुण्यांशी बोलत नाही. दोन घरं येऊन गेली.” मध्ये एक दुभाष्या डबी होती, इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करणारी.

धैर्यशीलनं आवडता रंग विचारला. प्रणोतीनं आवडता खाऊ विचारला. पोरगी आपल्या नखांकडं बघत बसली. मग तात्या पुढं सरकले.

“नोरोबाय, तुमच्याकडं मगरी हायत म्हणं? आमच्या कृष्णेत पण हायत. पण आमच्या शिस्तीच्या. एक तर हंगामात उसाच्या गाड्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली. मी म्हटलं, टोकन कुठंय? तर तिनं आ केला. जिभेवर टोकन!”

पोरीनं मान वर केली. डोळे हे एवढे. आणि नेमकी तेव्हाच भेटीची वेळ संपली, पडदा विझला. दुसऱ्या दिवशी वोआहांगीबाईंचा निरोप आला, ‘नोरो सकाळपासून विचारतेय, टोकनावर नंबर कितीचा होता?’

त्या दिवशी प्रणोतीनं सासऱ्यांच्या ताटात शिरा वाढला. सांगितलं कुणी नव्हतं, सण नव्हता.

पंधरा दिवसांनी दत्तक खात्याच्या निकमबाई यंत्र घेऊन आल्या. तांब्यावर वाटी पालथी घालावी तेवढं ते. वाटीच्या जागी दिवा. सरकारी कागदात त्याचं नाव लांबलचक होतं, लोक त्याला कानोसा म्हणायचे. काही वर्षांपूर्वी काही घरांनी गोड बोलून मुलं नेली आणि घरकामाला जुंपली. तेव्हापासून देशादेशांत करार झाला होता. ज्या घरात मूल जायचं, त्या घरात चाळीस दिवस कानोसा ठेवायचा.

“माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला दोन कामं एकदम करावी लागतात,” निकमबाई सांगू लागल्या. “खरं आत दाबून धरायचं आणि नसलेलं बाहेर रचायचं. त्या ओढाताणीत स्वरतंतू केसभर ताणले जातात, श्वास पाव क्षण मागं पडतो, छातीची धडधड लय सोडते. जुनी यंत्रं नुसत्या घाबरलेल्या माणसालाही खोटारडा ठरवायची. कानोसा तसं करत नाही. तो तुमची तुलना तुमच्याशीच करतो. आवाज ऐकतो, रडारच्या बारीक लहरींनी लांबूनच श्वास आणि ठोके मोजतो, आणि तुम्ही खरं बोलता तेव्हा कसे असता ते शिकून घेतो. शब्द साठवत नाही, आकडा तेवढा ठेवतो. एक लक्षात घ्या, जगात खरं काय आहे हे त्याला कळत नाही. तुम्ही आत एक ठेवून बाहेर दुसरं देताय का, एवढंच कळतं.”

“म्हंजे भरली गाडी आणि रिकामी गाडी,” तात्या म्हणाले. “मधला फरक बघायचा.”

“अगदी बरोबर!” निकमबाई खूश झाल्या.

“त्यात नवं काय? असलं यंत्र आमच्या काट्यावर ब्याण्णव सालीच होतं. मीच जोडलंवतं.”

दिवा लालभडक झाला आणि यंत्र टिटवीसारखं ओरडलं.

नियम असे होते. रोज प्रत्येक माणसाला शंभरपैकी आकडा मिळणार. घरात ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याचा तोच घराचा आकडा. चाळीस दिवसांची सरासरी ऐंशीच्या वर हवी. खरं बोललं की दिवा हिरवा, मन डगमगलं की पिवळा, खोटं बोललं की लाल. आणि मुलाशी बोलताना लाल दिवा लागला, तर फाइल तिथंच बंद.

पहिल्या दिवशी प्रणोतीला ब्याण्णव मिळाले, धैर्यशीलला एक्क्याऐंशी. तात्यांना चौदा. दुसऱ्या दिवशी त्यांनी फार जपलं, अकरा मिळाले.

“तात्या,” धैर्यशील चाचरत म्हणाला, “तुम्ही थोडे दिवस कराडला आत्तीकडं जाऊन…”

“घरातला माणूस लपवला तर तीच फसवणूक,” प्रणोती म्हणाली. ती सासऱ्यांकडं बघत नव्हती. भिंतीवर तिनं नोरोच्या भाषेतले शब्द लिहून लावले होते. पाणी म्हणजे रानू. आजोबा म्हणजे ददाबे. असेच मराठी शब्द ती रोज आपल्या आवाजात नोरोला पाठवायची.

तात्या त्या ‘ददाबे’कडं जरा वेळ बघत राहिले. मग उठले, टोपी घातली आणि कानोशासमोर जाऊन उभे राहिले.

“चाळीस दिवस होईस्तोवर सर्जेराव डुबल थाप मारणार न्हाई.”

दिवा हिरवा लागला. धैर्यशीलनं यंत्र बिघडलंय का म्हणून उचलून बघितलं.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला संसार म्हणवत नाही. प्रणोतीनं विचारलं, “भाजी बरी झालीय का?” धैर्यशील म्हणाला, “मस्त.” लाल. तेव्हापासून तो “गिळता येतीय” म्हणू लागला. चुलतमावशी आली, प्रणोतीला म्हणाली, “अगं, किती वाळलीस!” लाल. मावशी रागावून उठली, दारात म्हणाली, “मला मुळीच राग आलेला नाही हं.” पुन्हा लाल. लग्नाच्या पत्रिका घेऊन येणारे अंगणातूनच हाक मारून पत्रिका पायरीवर ठेवू लागले. सरपंचपदाचा एक उमेदवार तर डुबलांची गल्ली टाळून नदीच्या बाजूनं प्रचाराला जायचा.

आणि तात्या? सकाळी उठून म्हणायचे, “उजाडलं.” जेवताना म्हणायचे, “आमटी हाय.” दिवस चढला की म्हणायचे, “ऊन हाय.” आकडा नव्वदच्या वर गेला. पण माणूस पिळून काढल्यासारखा दिसू लागला. कट्ट्यावर त्यांची वाट बघणारी मंडळी दोन-चारदा आली, ‘आमटी हाय’ ऐकून परत गेली.

बाराव्या दिवशी दुपारी प्रणोती वाटाणे सोलत बसली होती. तात्या समोर टरफलं गोळा करत होते. तिनं एकदम विचारलं, “तात्या, नोरोला आणायचं तुम्हाला मनापासून पटलंय?”

‘व्हय’ म्हणणं जिभेवर होतं. कोनाड्यात कानोसा होता. तात्यांनी ओंजळीतली टरफलं खाली ठेवली.

“पहिल्यांदा न्हवतं पटलं,” ते म्हणाले. हिरवा. “मी गावात सांगितलंय, पोरगी मॉरिशसच्या मराठी घराण्यातली हाय. आडनाव पण सांगितलंय. शितोळे.”

प्रणोतीचा हात थांबला. “का?”

“रंग, केस… लोक काय म्हणतील म्हणून.”

“तिची लाज वाटली तुम्हाला?”

“वाटली.”

हिरवा. प्रणोती उठून आत गेली. हिरव्या दिव्याचा कुणाला इतका राग आला नसेल. तात्यांनी उरलेले वाटाणे एकट्यानं सोलले, टोपी घातली आणि थेट केशकर्तनालय गाठलं, कारण गावात बातमी पसरायची तर ती तिथूनच. सात-आठ माणसं बसली होती.

“ऐका रे. मी मॉरिशस म्हटलो ती थाप होती. पोरगी मादागास्करची. शितोळे-बितोळे कुणी न्हाई. काळी हाय, केस कुरळे हायत आणि माझी नात हाय. कुणाला काय इचारायचं आसंल तर आत्ता इचारा. ती आल्यावर कुणी इचारलं तर माझ्याशी गाठ हाय.”

न्हावी तेवढा म्हणाला, “तात्या, ही थाप तर नव्हे?”

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं सांगितलं. प्रणोतीनं सासऱ्यांकडं न बघता कानोशाकडं बघितलं, मग त्या बघण्याचीच तिला लाज वाटली. “मलाही एक सांगायचंय,” ती म्हणाली. “तिनं मला आई म्हटलं नाही तरी चालेल, असं मी सगळ्यांना सांगते. प्रत्येक वेळी पिवळा लागतो.” तात्या म्हणाले, “लागू दे. पिवळाच हाय, लाल न्हवं.”

एकविसाव्या दिवशी दुसरी भेट होती. पडदा उजळला तर नोरो आधीच येऊन बसलेली, अगदी पुढं, नाक पडद्याला लागेल इतकी. आणि पोरगी आपणहून बोलली. डबीनं मराठी केलं, “ददाबे, टोकनावर नंबर कितीचा होता?”

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी दिव्याकडं बघितलं. लाल लागला की फाइल बंद. काट्यावरची चौतीस वर्षं त्यांच्या अंगात उभी राहिली.

“बाळ,” ते म्हणाले, “मगर न्हवतीच. ती मी थाप मारलीवती.”

स्वच्छ हिरवा. नोरो उठली आणि पडद्याच्या बाहेर निघून गेली. प्रणोतीनं तीनदा हाक मारली. रिकाम्या खुर्चीनं काय ओ द्यायची?

आठवड्यानं वोआहांगीबाईंचा निरोप आला. नोरोचं म्हणणं होतं, ज्या घरात ददाबेनं मगर मारून टाकली त्या घरात तिला जायचं नाही. शेवटच्या भेटीत तिला रीतसर विचारणार होते आणि सहा वर्षांच्या मुलाचा नकार म्हणजे नकार.

आकडा त्र्याण्णव होता आणि पोरगी हातची चालली होती. तात्यांनी जेवण अर्ध्यावर आणलं. प्रणोतीनं वोआहांगीबाईंना फोन लावला, काय चुकलं म्हणून विचारलं. तर त्या बाई हसल्या.

“आमच्याकडं गोष्ट सांगणारा आधीच कबूल करतो, की ही लबाडी माझी नाही, जुन्या लोकांची आहे. मग ऐकणारे मोकळे आणि सांगणाराही मोकळा. तुमच्या सासऱ्यांनी गोष्टीच्या मध्येच मगर नव्हती म्हणून सांगितलं. असं आमच्याकडं कुणी करत नाही. जेवत्या पोराच्या हातातला घास काढून घेतल्यासारखं आहे ते.”

त्या रीतीनं गोष्ट सांगितली तर दिवा काय करील, असं निकमबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “यंत्राला रीतीभाती शिकवलेल्या नाहीत. मी सांगा म्हणणार नाही, सांगू नका असंही म्हणणार नाही. लाल लागला तर मला सही करावी लागेल.”

“तात्या, नुसतं जेवलीस का विचारा,” धैर्यशील काकुळतीला आला. “अभ्यास विचारा. गोष्ट नको.”

“आणि ती नको म्हणाली तर?” प्रणोती म्हणाली. “मातीचा नमुना चुकला तर दुसरा घेता येतो. ही भेट एकच आहे.” ती सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. “तात्या, तुम्हाला सांगता येईल? आत काही न ठेवता?”

“ते काट्यावर चढल्याबिगर कसं कळंल?”

“मग चढा,” ती म्हणाली. आवाज कापत होता, पण दिवा हिरवा होता.

चाळिसावा दिवस. निकमबाई वही उघडून बसल्या. पडद्यावर नोरो आली, पण खुर्ची आडवी करून. नुसता कान दिसत होता. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“नोरोबाय, एक सांगायचंय. तुमच्या रीतीनं सांगतो. ही लबाडी माझी न्हवं, आमच्या जुन्या माणसांची…”

दिवा पिवळा झाला. पिवळ्याचा नारिंगी होऊ लागला. निकमबाईंनी पेन उचललं. धैर्यशीलनं डोळे मिटून घेतले.

आणि तात्यांच्या ध्यानात आलं. गाडीत माल होता! जुन्या माणसांचा काय संबंध? ही थाप त्यांची स्वतःची होती. अस्सल, घरची, दुसऱ्या कुणाचं तिच्यावर बोटही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या थापेचं श्रेय दुसऱ्याला जाताना दिसलं आणि ते सहन होईना.

“थांब, थांब!” ते ओरडले. “जुन्या माणसांची न्हाई. माझीच हाय. ह्या सर्जेराव डुबलची! मगर कधी रांगेत आली न्हाई, तिच्याकडं टोकन न्हवतं, हे तुला ठाऊक, मला ठाऊक, ह्या तांब्याला पण ठाऊक. आता सांगू का पुढं काय झालं?”

नारिंगी मावळला. पिवळा गेला. हिरवा. खरं ते सगळं आधीच बाहेर ओतून झालं होतं. आत दाबायला काही उरलंच नव्हतं.

कान हलला. खुर्ची थोडी वळली.

“टोकनावर नंबर हुता चारशे बारा. आणि काट्यावर चाललीवती अठ्ठ्याऐंशी नंबरची गाडी. मी म्हटलं, मगरबाय, तुमचा नंबर परवा येणार. तर ती म्हणाली, हरकत न्हाई, मी बसते. दोन गाड्यांच्या मधी बसली. बैलांनी जरा सरकून जागा दिली. तिनं येळ जायला एक ऊस चावला, तर चोथा दातांत अडकला. चार माणसांनी दोर लावून काढला. त्या चोथ्यात एक पाखरू घरटं करून बसलंवतं.”

हिरवा. खुर्ची पूर्ण वळली. पोरीनं ओठ घट्ट मिटले होते.

“तिसऱ्या दिवशी नंबर आला. काट्यावर चढली. भरलेलं वजन मी घेतलं. आता आमचा नेम कसा, भरल्यावर रिकामं पण घ्यायचं, न्हाईतर फरक कसा कळंल? मी म्हटलं, मगरबाय, पोट रिकामं करा. तिनं आ केला. पहिल्यांदा बाहेर पडली एक चप्पल. मग दुसऱ्या पायाची, पण दुसऱ्याच माणसाची. मग पुरात व्हावून गेलेली शाळंची घंटा. ती पोटातच वाजायची, म्हणून मगर बरोबर साडेदहाला काठावर यायची.”

प्रणोतीनं तोंडाला पदर लावला. निकमबाईंचं पेन वहीवर तसंच टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका पसरत होता. नोरोचे गाल फुगले होते.

“आणि सगळ्यात शेवटी,” तात्या पडद्याजवळ वाकले, “बाहेर आला आमचा नावाडी. धोतराला घडी तशीच. हातात छत्री, उघडलेली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मला म्हणतो, का ओ तात्या, पलीकडचा काठ आला का?”

दिवा हिरवागार होता. कानोशाला त्या वाक्यात काहीही सापडलं नाही.

पण नोरो खुर्चीवर उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि डबीची वाट न बघता, प्रणोतीच्या आवाजात शिकलेल्या मराठीत ओरडली, “खोटं! खोटं, ददाबे!” आणि मग तिच्या भाषेत एवढं भराभर, की डबीला धाप लागली, “मगर माणूस अख्खा गिळत नाही, मला माहितीय! उघडी छत्री तिच्या तोंडात मावतच नाही! मी आले ना तिकडं, की आधी ती छत्री बघणार!”